विश्लेषण : विषयाचे संकेतस्थळ ‘नॅक’साठी की सालेकशाच्या विद्यार्थ्यासाठी?

जुलै उजाडला की गोंदिया जिल्ह्यात दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. बांध्यांमध्ये धानाची रोवणी आणि महाविद्यालयांत पहिले सत्र. घरी हात कमी असतील तर विद्यार्थी दहा-पंधरा दिवस शेतातच असतो आणि तोवर वर्गात पहिले प्रकरण संपलेले असते. परत आल्यावर त्याला सांगितले जाते, ‘सगळे ऑनलाइन टाकले आहे, बघून घे.’ राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची पदवीची रचना २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत लागू झाली आणि ऑनलाइन साहित्यावरचा भर आणखी वाढला. पण हे ‘टाकलेले’ साहित्य मागे पडलेल्या विद्यार्थ्याला खरेच शिकवते का? तसे व्हायचे असेल तर विषयाचे संकेतस्थळ कसे असायला हवे?

विषयाचे संकेतस्थळ म्हणजे नेमके काय?

महाविद्यालयाची वेबसाइट आणि विषयाची वेबसाइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर प्राचार्यांचे मनोगत, प्रवेशाच्या सूचना, स्नेहसंमेलनाचे फोटो आणि ‘न्यू’ असे लुकलुकणारे लाल चिन्ह असते. दुसरी एका विषयाची, एका सत्रापुरती असते. या आठवड्यात काय शिकायचे, कुठून वाचायचे, कोणती उदाहरणे सोडवायची आणि आपले बरोबर आले की नाही हे कसे कळेल, एवढेच तिने सांगायचे असते.

यासाठी तयार साधने आहेत. ‘गुगल क्लासरूम’ २०१४ पासून आहे. त्याहून जुने आणि जगभर वापरले जाणारे साधन म्हणजे ‘मूडल’. ते मोफत असून त्याचा सोर्स कोड खुला आहे. मूडलची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. ते बनवणारे मार्टिन डुगियामास पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम भागात वाढले. जवळपास शाळा नसल्याने त्यांचे सुरुवातीचे शिक्षण रेडिओवरून आणि दूरस्थ पद्धतीने झाले होते. शिक्षकापासून लांब राहणाऱ्या मुलाचा विचार या साधनाच्या मुळाशी आहे, ही बाब गोंदियासारख्या जिल्ह्याने लक्षात घेण्याजोगी आहे.

सध्या प्रत्यक्षात काय चालते?

बहुतेक ठिकाणी विषयाचे संकेतस्थळ म्हणजे व्हॉट्सॲपचा ग्रुप. शिक्षक वहीच्या पानांचे फोटो काढून टाकतात, पाठोपाठ वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, मग परीक्षा शुल्काची सूचना, मग पुन्हा नोट्स. महिनाभराने दुसरे प्रकरण शोधायचे तर अंगठा दुखेपर्यंत पडदा सरकवावा लागतो. उशिरा प्रवेश घेतलेल्याला जुने साहित्य मित्राकडून मागून घ्यावे लागते. फोनची जागा भरली की नोट्सच आधी डिलीट होतात.

जिथे स्वतंत्र पान असते, तिथे दुखणे वेगळे असते. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे ‘नॅक’, शिक्षक माहिती तंत्रज्ञानाची साधने वापरतात का हे विचारते. त्यामुळे समितीच्या भेटीआधी घाईघाईने पीडीएफ चढवल्या जातात आणि लिंक अहवालात जाते. मूल्यांकन संपले की त्या पानाला कुणी हात लावत नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते पान म्हणजे कुलूप नसलेले, पण आत अंधार असलेले गोदाम.

आणखी एक अडचण मराठीची स्वतःची आहे. अनेक शिक्षकांच्या जुन्या नोट्स कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. या फॉन्टमध्ये संगणक आत साठवतो ती रोमन अक्षरे, फक्त ती देवनागरी दिसतात. फाइल फोनवर उघडली आणि तो फॉन्ट तिथे नसला की रोमन अक्षरांची भेळ दिसते. पीडीएफ केली तर दिसते नीट, पण ‘घसारा’ असा शब्द शोधला तर सापडत नाही आणि अंध विद्यार्थ्याचे वाचक सॉफ्टवेअर भलतेच वाचते. नोट्स युनिकोडमध्ये आणणे हे कंटाळवाणे काम आहे. पण नवे ॲप विकत घेण्याआधी करायचे काम हेच.

गोंदियात प्रश्न अधिक तीव्र का?

जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३ लाख २२ हजार, आणि त्यातला फार मोठा भाग ग्रामीण. तालुके आठ. आमगाव, सालेकसा आणि तिरोडा हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर आहेत, अर्जुनी मोरगावला बल्लारशाकडे जाणारी गाडी आहे. देवरी आणि सडक अर्जुनी राष्ट्रीय महामार्गावर असले तरी तिथून गोंदियाला यायचे तर बसचाच आधार. बस चुकली की त्या दिवसाच्या तासिका गेल्या. जंगलालगतच्या गावांत नेटवर्क घरात नसते, पण गावाबाहेरच्या एखाद्या वळणावर असते. म्हणजे विद्यार्थी दिवसातला काही काळच ‘ऑनलाइन’ असतो.

संगणकाचा तर प्रश्नच नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१७-१८ च्या पाहणीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के घरांत संगणक होता. फोन मात्र पोहोचला आहे. तरी तो कुणाचा, हा प्रश्न उरतोच. ‘असर’च्या २०२३ च्या अहवालात, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयोगटातील ग्रामीण मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते. भावाचा फोन रात्री अर्धा तास मिळणारी मुलगी दीड तासाचे व्याख्यान कधी पाहणार?

डेटाचा हिशेबही करून पाहावा. सेकंदाला ५०० किलोबिट या साध्या दर्जाचा एक तासाचा व्हिडिओ सुमारे २२५ एमबी खातो. तेच व्याख्यान फक्त आवाजाच्या स्वरूपात, ३२ किलोबिटने दिले तर साधारण १४ एमबी. वहीच्या ३० पानांचे मोबाइलने काढलेले फोटो प्रत्येकी तीन एमबीचे धरले तर ९० एमबी होतात. तीच ३० पाने युनिकोडमध्ये टाइप केली तर मजकूर दीड-दोनशे केबीतही मावतो. शिकवणे तेच, विद्यार्थ्याच्या खिशातून जाणारा डेटा मात्र शेकडो पटींनी वेगळा. घरातल्या तिघांत मिळून रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर हा फरक मोठा आहे.

भाषेचा पदर वेगळाच. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून असलेल्या या जिल्ह्यात घरी पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, हिंदी बोलली जाते. शाळा मराठीत होते आणि विज्ञान शाखेत गेल्यावर पुस्तक इंग्रजी होते.

संशोधन काय सांगते?

व्हिडिओच्या लांबीबद्दलचा सर्वाधिक चर्चिला गेलेला अभ्यास २०१४ मधला आहे. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी ‘एडएक्स’वरील चार अभ्यासक्रमांतील व्हिडिओ पाहण्याची ६९ लाख सत्रे तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी एका बैठकीत तो पाहिला जाण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. वर्गातले व्याख्यान कॅमेऱ्यात पकडून नंतर त्याचे तुकडे केले तरी ते मुद्दाम छोट्या स्वरूपात केलेल्या व्हिडिओइतके पाहिले जात नव्हते. आणि खर्चिक स्टुडिओपेक्षा शिक्षकाने आपल्या टेबलापाशी बसून समोरच्याशी बोलावे तसे केलेले व्हिडिओ अधिक खिळवून ठेवू शकतात, असेही त्यात दिसले. स्टुडिओसाठी निधी नाही म्हणून अडून बसलेल्या महाविद्यालयांना ही चांगली बातमी आहे.

पण पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. केनेथ कोडिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मानसशास्त्राच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे विश्लेषण केले. जास्तीचे व्हिडिओ पाहण्याचा किंवा जास्तीचे वाचण्याचा जेवढा फायदा दिसला, त्याच्या सहा पटींहून अधिक फायदा जास्तीचा सराव करण्याचा दिसला. म्हणजे पानावर आणखी एक व्हिडिओ चढवण्यापेक्षा पाच उदाहरणे आणि त्यांची उत्तरे कुठे चुकतात याचा खुलासा देणे अधिक कामाचे. आपल्याकडे नेमके उलटे होते. व्हिडिओंची संख्या अहवालात मोजता येते, विद्यार्थ्याने सोडवलेली उदाहरणे मोजायला कुणी येत नाही.

तिसरा आकडा जमिनीवर आणणारा आहे. जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-व्हालिएंते यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा आढावा घेतला. २०१७-१८ मध्ये नोंदणी केलेल्यांपैकी फक्त ३.१३ टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. नावाजलेली विद्यापीठे, उत्तम चित्रीकरण, तरीही ही गळती. आपल्याकडे केंद्र सरकारचे ‘स्वयं’ हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रमांचे श्रेयांक त्यावरून मिळवण्याची मुभा आहे. स्वयंवर व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा असे चार भाग बंधनकारक आहेत. रचना चांगली आहे. पण विद्यार्थ्याला नावाने ओळखणारे, ‘दोन आठवडे दिसला नाहीस’ असे विचारणारे कुणी तिथे नाही. महाविद्यालयाच्या स्वतःच्या पानाची खरी ताकद इथेच आहे, कारण त्यामागचा शिक्षक सोमवारी वर्गात भेटणार असतो.

महाराष्ट्रात याचे नमुने आहेत का?

आहेत, आणि ते परदेशी उदाहरणांपेक्षा जास्त उपयोगी आहेत.

आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प संगणक प्रणाली शिकवतो. प्रत्येक पाठ साधारण दहा मिनिटांचा. आधी संहिता लिहिली जाते, मगच ध्वनिमुद्रण होते. त्याआधी ती संहिता विषय अजिबात न येणाऱ्या माणसाकडून तपासली जाते. त्याला वाचून काम जमले नाही तर संहिता परत जाते. विद्यार्थ्याने अर्ध्या पडद्यावर पाठ आणि अर्ध्या पडद्यावर सॉफ्टवेअर उघडून, थांबत-थांबत तेच करून पाहायचे असते. इंटरनेट नसेल तर पाठ संगणकावर उतरवून घेऊन प्रयोगशाळेत वापरता येतात. मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज आहे. पडद्यावरचे सॉफ्टवेअर मात्र इंग्रजीतच राहते, कारण नोकरीच्या ठिकाणी ते इंग्रजीतच समोर येणार असते. समजावणे आपल्या भाषेत आणि संज्ञा इंग्रजीतही, ही तडजोड गोंदियाच्या विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या वर्गांना जशीच्या तशी लागू पडते.

आयआयटी मुंबईच्याच शैक्षणिक तंत्रज्ञान विभागातील सहना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी विद्यार्थिकेंद्री आराखडा मांडला. त्यातली एक कल्पना अगदी साधी आहे. व्हिडिओच्या मध्येच शिक्षक प्रश्न विचारतो, ‘व्हिडिओ थांबवा, उत्तर वहीत लिहा, मग पुढे चला’ असे सांगतो आणि पुढच्या भागात त्याच उत्तरावर बोलतो. यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या ऑडिओतही हे करता येते.

आणि सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा. रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाला तेव्हा क्यूआर कोडची चर्चा झाली. पुस्तकातला कोड स्कॅन केला की कविता, व्हिडिओ, स्वाध्याय उघडतो, ही कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. पण त्यांच्या कामातला दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा होता. मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे पाहून त्यांनी साहित्य त्या भाषेत आणले. शिवाय कोड छापील पुस्तकावर होता. मूल आधी पुस्तक उघडते, मग फोन. गोंदियातही छापील स्वाध्याय-पत्रिकेवर कोड छापला तर फोन नसलेल्या वेळीही अर्धे काम चालू राहते.

मग चांगले पान दिसते कसे?

प्रथम वर्ष बी.कॉम.च्या ‘घसारा’ या प्रकरणाचे पान कल्पनेने उभे करून पाहू. सर्वांत वर एकच ओळ : ‘या आठवड्यानंतर तुम्हाला दोन पद्धतींनी घसारा काढता आला पाहिजे.’ खाली ‘हा आठवडा’ एवढाच भाग उघडा, बाकीचे आठवडे मिटलेले. दोन पानांचा मजकूर, सहा मिनिटांचा ऑडिओ किंवा व्हिडिओ, शेजारी त्याचा आकार एमबीत लिहिलेला, म्हणजे विद्यार्थी पॅक पाहून ठरवील. मग उदाहरण, आणि तेही गावातले : राइस मिलने १ ऑक्टोबरला दोन लाख रुपयांचे यंत्र घेतले, घटत्या शिल्लक पद्धतीने वर्षाला १० टक्के घसारा, हिशेब ३१ मार्चला बंद होतो, तर दुसऱ्या वर्षीचा घसारा किती?

बरोबर उत्तर १९ हजार. पहिल्या वर्षी सहाच महिने, म्हणून १० हजार, आणि उरलेल्या एक लाख ९० हजारांवर १० टक्के. पण कुणी १८ हजार लिहिले तर त्याने पहिल्या वर्षी पूर्ण बारा महिने धरले. कुणी २० हजार लिहिले तर तो मूळ किमतीवरच घसारा काढतो आहे, म्हणजे सरळ रेषा पद्धतीत अडकला आहे. दोन चुका, दोन वेगळी कारणे. नुसते ‘चूक’ असे सांगणारे पान या दोघांनाही तिथेच सोडते. मूडलमध्ये प्रत्येक अपेक्षित चुकीच्या उत्तराला स्वतंत्र खुलासा लिहून ठेवता येतो. शिक्षकाला या चुका तोंडपाठ असतात, कारण दरवर्षी तो त्याच उत्तरपत्रिका तपासतो. त्याच्या अनुभवातला हा सर्वांत मौल्यवान भाग आहे, आणि पीडीएफमध्ये नेमका तोच कधी येत नाही.

मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये साहित्य आधी उतरवून ठेवता येते. शिक्षकाने तशी मुभा दिली असेल तर चाचणी नेटवर्क नसताना सोडवून नंतर पाठवता येते. एसटीची वाट पाहताना गोंदियात उतरवायचे, घरी सोडवायचे आणि दुसऱ्या दिवशी नेटवर्क आले की पाठवायचे.

सजावटीबद्दल एवढेच. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचे प्रयोग वर्षानुवर्षे एकच दाखवत आले आहेत की, विषयाशी संबंध नसलेली चित्रे, संगीत आणि रंजक किस्से शिकण्यात भर घालत नाहीत, उलट आड येतात. पडद्यावर लिहिलेले तेच शब्दशः वाचून दाखवण्याचाही तोटाच होतो. पीपीटी वाचून दाखवण्याची आपली परंपरा त्यात बसते.

हे करायचे कुणी आणि पैसा किती?

मूडल मोफत आहे, पण ते चालवण्यासाठी सर्व्हर, बॅकअप आणि लक्ष ठेवणारा एक माणूस लागतो. छोट्या महाविद्यालयाला हे एकट्याने परवडत नाही. जिल्ह्यातील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि एका विषयाचा अभ्यासक्रम सगळीकडे तोच आहे. तरीही घसाऱ्याच्या नोट्स प्रत्येक महाविद्यालयात नव्याने लिहिल्या जातात. चार-पाच महाविद्यालयांनी एकत्र येऊन एकच सर्व्हर ठेवला आणि प्रत्येकाने दोन-दोन विषय वाटून घेतले, तर खर्चही कमी होतो आणि लिहिण्याचा भारही.

खरी कळ वेगळ्या ठिकाणी आहे. राज्यात अनेक वर्ग तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या भरवशावर चालतात. त्यांना तासिकेचे पैसे मिळतात, पान बनवण्याचे नाहीत. शिवाय साहित्य त्यांच्या वैयक्तिक गुगल खात्यावर असते. सत्र संपून नेमणूक संपली की खाते त्यांच्याबरोबर जाते आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांसाठी लिंक मरते. त्यात त्यांची चूक नाही. साहित्य संस्थेच्या खात्यावर ठेवायचे, लिहिणाऱ्याचे नाव त्यावर कायम ठेवायचे आणि त्या कामाचे तास धरून मोबदला द्यायचा, हे प्रशासनाने ठरवायचे आहे. एवढे झाले नाही तर दरवर्षी नवी पाटी.

गुणांच्या याद्या नावानिशी खुल्या पानावर टाकण्याची सवयही सोडावी लागेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, आणि कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी त्या वयाचे आहेत.

पान जमले की नाही हे ओळखायचे कसे?

किती जणांनी पान उघडले, यावरून फारसे काही कळत नाही. हजेरीसाठी म्हणूनही पान उघडले जाते. त्यापेक्षा स्पोकन ट्युटोरियलची पद्धत वापरता येईल. दहा दिवस वर्गात न आलेला एक विद्यार्थी बोलवायचा, त्याच्या स्वतःच्या फोनवर, वायफाय बंद ठेवून पान उघडायला सांगायचे आणि मदत न करता शेजारी उभे राहायचे. ‘मी आता काय करू?’ हे त्याला एका मिनिटात सापडते का? पहिले उदाहरण तो सोडवू शकतो का? जिथे तो अडतो, ती ओळ पुन्हा लिहायची. पाच विद्यार्थ्यांसोबत एक दुपार घालवली तरी बहुतेक दोष वर येतात.

ऑगस्टमध्ये रोवणी आटोपते. विद्यापीठाची हिवाळी परीक्षा त्यानंतर काही आठवड्यांवर येऊन ठेपलेली असते, आणि मागे राहिलेली प्रकरणे भरून काढायला विद्यार्थ्याच्या हातात तेवढाच वेळ असतो.